साडेदहा महिन्यांचं बाळ अजून बोलत नाही: शब्दांच्या आधी काय बघायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगा साडेदहा महिन्यांचा आहे, रांगतो, खदखदून हसतो, पण 'आई', 'बाबा' असं काहीच म्हणत नाही. काही हवं असलं की हात लांब करून नुसतं 'अं अं' करतो. समोरच्या फ्लॅटमधल्या त्याच्याच वयाच्या मुलीनं 'पापा' म्हणायला सुरुवात केलीय. सासूबाई म्हणतात, "याचा बाप दोन वर्षांचा होईस्तोवर बोलला नव्हता, बोलेल हळूहळू." घरात मराठी आणि सांभाळायला येणाऱ्या मावशी हिंदी बोलणाऱ्या, म्हणून तो गोंधळला असेल का, अशीही शंका आहे. शेवटी तुम्ही विचारलंय, की शब्द नसताना बाळं आपलं म्हणणं पोचवायला शिकतात तरी कशी.

काळजीचं आधी सांगते. या वयात शब्द मोजू नका. पहिला शब्द साधारण वर्षाच्या आसपास येतो, कुणाचा थोडा आधी, कुणाचा दोन-तीन महिन्यांनी. मी वाचा-उपचार करते. माझ्याकडे दहा-अकरा महिन्यांचं बाळ आलं, तर ते किती शब्द बोलतं हे मी विचारतच नाही. मी बघते ते वेगळंच: त्याला काही हवं असतं तेव्हा ते समोरच्या माणसाकडे बघतं का, आणि आपलं म्हणणं पोचलं की नाही याची खात्री करून घेतं का. 'हात लांब करून अं अं करतो' हे तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय. मला ते वाचून बरं वाटलं. फक्त त्या वेळी त्याचे डोळे कुठे असतात हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळं त्यावर आहे.

आता सुरुवातीपासून सांगते, कारण हे नवव्या-दहाव्या महिन्यात अचानक उगवत नाही.

पोटात असतानाच, शेवटच्या तीन महिन्यांत, बाळाला आईचा आवाज ऐकू येत असतो. शब्द कळण्याइतका स्पष्ट नसतो, पण चाल, चढउतार, लय पोचते. १९८० मध्ये डीकॅस्पर आणि फायफर या अमेरिकन संशोधकांनी जेमतेम दोन-तीन दिवसांच्या बाळांना एक चोखणी दिली. एका लयीत चोखलं की आईचा आवाज ऐकू यायचा, दुसऱ्या लयीत चोखलं की परक्या बाईचा. बाळांनी आईचा आवाज लागेल अशी लय धरली. २००९ मध्ये जर्मनीतल्या कॅथलीन वेर्म्के यांच्या गटानं ३० जर्मन आणि ३० फ्रेंच नवजात बाळांचं रडणं ध्वनिमुद्रित केलं. फ्रेंच बाळांच्या रडण्याचा सूर बहुतेक वेळा खालून वर जाणारा निघाला, जर्मन बाळांचा वरून खाली येणारा, म्हणजे त्या त्या भाषेच्या वळणाचा. तीन ते पाच दिवसांची बाळं होती ती. गरोदरपणात आई दिवसभर जे बोलते त्याचा ठसा असा पहिल्या आठवड्यातच सापडतो.

तरीही सुरुवातीचं रडणं म्हणजे बाळाचं 'सांगणं' नव्हे. पोटात कळ आली, भूक लागली, थंडी वाजली की शरीर रडतं. आईला बोलवावं असा विचार त्यामागे नसतो. पण आपण मात्र तो आहे असं धरून वागतो. "आलेऽऽ, आले रे, भूक लागली माझ्या राजाला" असं म्हणत आपण धावतो, आणि असं पुन्हा पुन्हा घडत गेलं की बाळाच्या लक्षात येतं: मी आवाज केला की कुणीतरी येतं. मग चार-पाच महिन्यांचं बाळ थोडं रडून थांबतं, कानोसा घेतं, पावलांची चाहूल लागली तर गप्प होतं, नाहीतर पुन्हा सुरू करतं. तो मधला थांबा फार मोलाचा आहे. रडण्याचं बोलावणं झालं ते तिथे. म्हणून 'सारखं उचललं तर कडेची सवय लागेल' या धाकापायी पहिल्या काही महिन्यांत बाळाला रडत ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

इथेच एक सांगून टाकते. रडण्याच्या अमुक आवाजाचा अर्थ भूक, तमुक आवाजाचा अर्थ गॅस, असे तक्ते हल्ली मोबाइलवर फिरतात. दुखल्याचं रडणं एकदम आणि जोरात सुरू होतं, एवढं बऱ्याचदा ओळखू येतं. बाकी आई ओळखते ती वेळेवरून आणि प्रसंगावरून: शेवटचं दूध कधी झालं, दुपटं ओलं आहे का, झोपेची वेळ टळली का. सहाव्या आठवड्याच्या सुमारास रडणं सगळ्यात जास्त असतं आणि तिथून ते आपोआप कमी होत जातं. त्या दिवसांत रडण्याचं कारण सापडलं नाही म्हणून स्वतःला दोष देणाऱ्या आया मला भेटतात, तेव्हा फार वाईट वाटतं.

दीड-दोन महिन्यांचं झालं की बाळ माणसाकडे बघून हसायला लागतं. झोपेतलं हसू वेगळं, हे वेगळं. इथून खरी देवाणघेवाण सुरू होते. तेल लावून, अंघोळ घालून, पावडर-काजळ झाल्यावर आजी बाळाला पायांवर घेऊन बोलत असते ते नीट बघा. तिचा चेहरा बाळापासून वीतभर-दीड वीत लांब असतो, आणि नवजात बाळाला सर्वांत स्पष्ट दिसतं तेही साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचं. आजी म्हणते, "काय गं बबड्या? झाली का अंघोळ?" आणि थांबते. बाळ 'आऽगू' करतं. आजी म्हणते, "हो का? गरम होतं पाणी?" पुन्हा थांबते. हा थांबा कुणी शिकवलेला नसतो, पण त्या दीड-दोन सेकंदांतच बाळाला कळतं की आता आपली पाळी. मेरी कॅथरिन बेटसन यांनी १९७०च्या दशकात आई आणि अडीच-तीन महिन्यांच्या बाळाचं चित्रण बारकाईनं तपासलं, तेव्हा त्यांना आढळलं की दोघं एकमेकांचं बोलणं फारसं तोडत नाहीत, आळीपाळीनं बोलतात. शब्द एकही नाही आणि बोलण्याची रीत मात्र पूर्ण.

बाळाला या रीतीची किती अपेक्षा असते हे एडवर्ड ट्रॉनिक यांच्या प्रयोगात दिसतं. १९७८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. आई आधी बाळाशी नेहमीसारखी खेळते. मग दोनेक मिनिटं चेहरा अगदी निर्विकार ठेवून नुसती बघत बसते. बाळ पहिल्यांदा हसून बघतं. काही होत नाही. मग आवाज काढतं, हात पुढे करतं, पुन्हा हसतं. आई तशीच. मग ते नजर वळवतं, अंग चोरतं, बहुतेक बाळं रडकुंडीला येतात. हे चित्रण मी पालकांना दाखवायचं टाळते, कारण आयांना ते बघवत नाही. पण त्यातली बाळाची धडपड लक्षात घेण्यासारखी आहे: इतक्या लहान वयात, शब्द नसताना, ते तीन-चार वेगवेगळे उपाय करून आईला परत आणायचा प्रयत्न करतं.

हे वाचून कुणी घाबरू नये. फोन आला, कुकर उतरवायचा आहे, दोन मिनिटं लक्ष गेलं, यानं काही बिघडत नाही. लक्ष जातं, परत येतं, बाळ तेही शिकतं. काळजी वाटावी अशी गोष्ट वेगळी आहे. बाळंतपणानंतर काही स्त्रियांना खोल उदासी येते. बाळाकडे बघून हसावंसंच वाटत नाही, बोलायला शब्द फुटत नाहीत. घरचे म्हणतात, "एवढं गोंडस बाळ झालंय, रडायला काय झालं?" हा आजार आहे आणि त्यावर चांगले उपचार आहेत. प्रसूतितज्ज्ञ डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना लवकर सांगितलं तर आई सावरते आणि बाळाचा हा संवादही पुन्हा सुरू होतो. तुमच्याबाबतीत तसं काही असेल तर या उत्तरातलं बाकी सगळं बाजूला ठेवा आणि आधी तेवढं करा.

आता दोन भाषांचं. बाळ गोंधळलेलं नाही. दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलतं ही समजूत फार घट्ट आहे आणि ती चुकीची आहे. उलट पहिल्या सहा-आठ महिन्यांत बाळाचे कान आपल्यापेक्षा कितीतरी मोकळे असतात. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी १९८४ मध्ये जो प्रयोग प्रसिद्ध केला, त्यातली एक जोडी आपल्या रोजच्या वापरातली आहे: हिंदीतले 'त' आणि 'ट'. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली सहा ते आठ महिन्यांची बाळं हा फरक सहज ओळखत होती. दहा-बारा महिन्यांच्या इंग्रजी घरांतल्या बाळांना तो जवळजवळ ओळखता येईनासा झाला होता. हिंदी ऐकणाऱ्या बाळांना अर्थातच तो फरक कळत राहिला. तुमचा मुलगा सध्या अगदी याच टप्प्यावर आहे. कुठले आवाज माझ्या घरात लागतात, कुठले लागत नाहीत, याची निवड तो करतोय. एक शब्दही न बोलता. त्यामुळे मावशींना मराठी बोलायला लावू नका. त्यांना ज्या भाषेत मनापासून लाड करता येतात त्याच भाषेत त्यांना बोलू द्या.

पण हे आवाज टीव्हीतून शिकवता येतील का? पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये हेच तपासलं. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी काही मँडरिन, म्हणजे चिनी बोलणारी मंडळी १२ वेळा येऊन खेळली, पुस्तकं वाचून दाखवली. ती बाळं मँडरिनमधले आवाज ओळखायला शिकली. दुसऱ्या गटाला त्याच माणसांचं तेच बोलणं पडद्यावर दाखवलं. ती बाळं काहीच शिकली नाहीत. घास भरवताना मोबाइल समोर ठेवला की तोंड पटकन उघडतं, हे मला माहीत आहे, आणि नोकरी सांभाळून मूल वाढवणाऱ्या घरांची ओढाताणही मी रोज बघते. तरी दोन वर्षांपर्यंत पडदा नको असं भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते आणि मीही तेच सांगते. पडदा बाळासाठी थांबत नाही. बाळानं 'बा' म्हटलं म्हणून त्यातली बाई दचकत नाही, हसत नाही, जवळ येत नाही.

हे 'जवळ येणं' किती परिणामकारक असतं, याचा एक प्रयोग मला फार आवडतो. मायकेल गोल्डस्टाइन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये आठ-नऊ महिन्यांच्या बाळांच्या आयांचे दोन गट केले. एका गटातल्या आईनं बाळानं आवाज काढला की लगेच हसायचं, जवळ सरकायचं, हात लावायचा. दुसऱ्या गटातल्या आईनंही तितक्याच वेळा हेच करायचं, पण बाळाच्या आवाजाशी त्याचा संबंध नाही, संशोधक खूण करतील तेव्हा. प्रेम सारखं, स्पर्श सारखा, वेळ मात्र वेगळी. पहिल्या गटातल्या बाळांचं बडबडणं तिथल्या तिथे सुधारलं, अक्षरांसारखे स्वच्छ आवाज वाढले. दुसऱ्या गटात तसं झालं नाही. 'दिवसभर बाळाशी बोला' हा सल्ला सगळेच देतात. मी त्यात एवढंच घालते की बाळ बोलून झालं की बोला. आई अखंड बोलत राहिली तर बाळाला पाळीच मिळत नाही.

आता तुमच्या मुलाच्या वयाकडे येते, कारण हा सगळ्यात भरगच्च काळ आहे.

नऊ महिन्यांपर्यंत बाळ एका वेळी एकाच गोष्टीत असतं: आईत, नाहीतर खुळखुळ्यात. साधारण नवव्या महिन्यापासून ते या दोघांना जोडायला लागतं. खुळखुळ्याकडे बघतं, आईकडे बघतं, परत खुळखुळ्याकडे. 'मी बघतोय ते तूही बघतेयस ना?' असा हा प्रश्न आहे. तुम्ही खिडकीकडे बघितलंत तर तोही मान वळवून बघतो. पडला तर रडायच्या आधी तुमच्या चेहऱ्याकडे बघतो, हे प्रत्येक घरानं पाहिलेलं आहे. तुम्ही किंचाळलात तर भोकाड, तुम्ही "उठा उठा, काही नाही झालं" म्हणालात तर पुन्हा रांगायला लागतो. १९८५ मध्ये अमेरिकेत याची फार सुंदर तपासणी झाली. वर्षाच्या बाळांना एका काचेच्या पटावर ठेवलं. पुढे काचेखाली खोलगट भाग दिसायचा, आणि पलीकडे आई. आईनं हसरा चेहरा केला तेव्हा १९ पैकी १४ बाळं काच ओलांडून आली. आईनं घाबरलेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही आलं नाही. आई एक शब्दही बोललेली नव्हती.

माझ्या टेबलाच्या खणात किल्लीचा एक बेडूक असतो. किल्ली दिली की टणटण उड्या मारतो आणि अर्ध्या मिनिटात थांबतो. त्याचं थांबणं माझ्या कामाचं आहे. मध्यंतरी अकरा महिन्यांचा एक मुलगा आजीच्या मांडीवर बसून तो बघत होता. बेडूक थांबला. मुलानं त्याला एक चापट मारली. बेडूक हलला नाही. मग त्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं, बेडकाकडे बघितलं, बेडूक माझ्या दिशेनं ढकलला आणि म्हणाला, "अं!" मी मुद्दाम काही केलं नाही, नुसती भुवया उंचावून थांबले. तो पुढे वाकला, माझ्या बोटांवर हात ठेवला, पुन्हा माझ्या डोळ्यांत बघून जरा मोठ्यानं "अंऽऽ!" आजी कळवळून म्हणाली, "अहो द्या ना किल्ली, किती आशेनं बघतंय पोर." तेवढ्या चार-पाच सेकंदांत त्यानं मागणी केली होती, मी समजले की नाही ते तपासलं होतं, आणि मी समजले नाही असं वाटल्यावर तीच मागणी वेगळ्या पद्धतीनं केली होती. त्याला एकही शब्द येत नव्हता आणि मला त्याची काहीच काळजी वाटली नाही.

त्याच बेडकाशी खेळणारं दुसरं मूल डोळ्यांसमोर आणा, दीड वर्षाचं. बेडूक थांबला की ते माझं मनगट धरतं, माझी बोटं किल्लीवर नेऊन ठेवतं, आणि या सगळ्यात एकदाही माझ्या चेहऱ्याकडे बघत नाही. हात वापरतं, हाताच्या मालकिणीकडे लक्ष नाही. एवढ्या एका गोष्टीवरून मी कुठलाही निष्कर्ष काढत नाही, पण पुढची तपासणी त्याच आठवड्यात सुरू करते. अशा मुलाला कधी कधी पाठ केलेले वीसेक शब्द, ए-बी-सी-डी सगळं येत असतं, आणि घरचे म्हणतात, "बोलतो तर छान." म्हणूनच मी शब्दांवर जात नाही.

यानंतर येतं बोट दाखवणं. नऊ ते चौदा महिन्यांच्या दरम्यान, बहुतेकांचं वर्षाच्या आसपास. आधी सगळा पंजा पुढे येतो, तुमच्या मुलाचा येतो तसा, आणि मग त्यातून तर्जनी वेगळी होते. इटलीत आणि अमेरिकेत काम केलेल्या एलिझाबेथ बेट्स यांनी १९७०च्या दशकात यातले दोन प्रकार वेगळे काढले. एक 'ते मला दे'. दुसरा 'ते बघ'. कपाटावरच्या बिस्किटांच्या डब्याकडे बोट करणं हा पहिला. पंख्याकडे, दिव्याकडे, बाल्कनीत आलेल्या काऊकडे, देवघरातल्या बाप्पाकडे बोट करणं हा दुसरा. त्यात बाळाला काहीच नको असतं, फक्त तुम्हीही बघावं असं वाटत असतं. हा दुसरा प्रकार मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण गप्पा मारण्याचं मूळ तिथे आहे. उल्फ लिस्कोव्स्की आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये वर्षाच्या बाळांवर तपासलं की त्यांना बोट दाखवून नेमकं काय हवं असतं. मोठ्या माणसानं नुसतं त्या वस्तूकडे बघितलं तर बाळ खूश नाही, नुसतं बाळाकडे बघून लाड केले तरी नाही. त्या वस्तूकडे बघून, मग बाळाकडे वळून आनंदानं "अरे हो!" म्हटलं, तेव्हा कुठे त्याचं समाधान झालं.

आणि शब्दांचा रस्ता इथूनच जातो. जाना आयव्हरसन आणि सुझन गोल्डिन-मेडो यांनी दहा मुलांना १० महिन्यांपासून २४ महिन्यांपर्यंत त्यांच्या घरी जाऊन बघितलं. मुलं ज्या गोष्टींकडे आधी बोट दाखवत होती किंवा ज्यांची खूण करत होती, त्याच गोष्टींचे शब्द सरासरी तीन महिन्यांनी त्यांच्या बोलण्यात आले. दोन शब्द जोडण्याआधी मुलं एक शब्द आणि एक खूण जोडत होती: चपलेकडे बोट आणि तोंडानं 'बाबा', म्हणजे बाबांची चप्पल. हे २००५चं काम. त्यानंतर २००९ मध्ये मेरेडिथ रो आणि गोल्डिन-मेडो यांनी दाखवलं की १४व्या महिन्यात जी मुलं जास्त वेगवेगळ्या गोष्टी खुणांनी सांगतात, त्यांचा शब्दसंग्रह साडेचार वर्षांचं झाल्यावर मोठा असतो, आणि त्यांचे आईवडीलही त्यांच्याशी बोलताना खुणा जास्त वापरत असतात.

म्हणून सासूबाईंना माझा निरोप सांगा: त्या जे खेळ खेळतात ते थांबवू नका. तळहातावर बोट टेकवून मोराला बसवायचं, चारा घालायचा, पाणी पाजायचं आणि शेवटी भुर्रकन उडवायचं, हा खेळ मी वाचा-उपचारात जसाच्या तसा वापरते. त्यात पाळी आहे, वाट बघणं आहे, ठरलेल्या जागी ठरलेली हालचाल आहे. चौथ्या-पाचव्या वेळी उडवायच्या आधी हात वर नेऊन थांबा आणि त्याच्याकडे बघा. तो हात उडवेल, नाहीतर अंग उसळवेल, नाहीतर 'भुऽ' करेल. जे करेल ते उत्तर धरून मोर उडवा. टाळ्या, टाटा, बाप्पाला जय, पदराआडून भोऽऽक, 'कुठे गेली चिऊ?' यातली प्रत्येक गोष्ट बाळाला हातानं बोलायला शिकवते. मावशी जे खेळ त्यांच्या भाषेत खेळतात तेही तितकेच चांगले.

परदेशातून आलेले 'बेबी साइन'चे महागडे वर्ग हल्ली पुण्या-मुंबईतही दिसतात. 'अजून', 'दूध', 'झालं' अशा खुणा शिकवण्यात काही गैर नाही, भुकेल्या बाळाची चिडचिड त्यानं थोडी कमी होऊ शकते. पण ऐकू येणारं, व्यवस्थित वाढणारं मूल त्यामुळे लवकर बोलतं किंवा हुशार होतं असं नीट केलेल्या अभ्यासांत दिसलेलं नाही. ते पैसे वाचवा. कर्णबधिर मुलाची गोष्ट पूर्ण वेगळी. त्याच्यासाठी खुणांची भाषा ही खरीखुरी भाषा आहे. कॅनडात लॉरा अॅन पेटिटो यांना १९९१ मध्ये असं आढळलं की खुणांची भाषा बोलणाऱ्या पालकांची कर्णबधिर बाळं, आपली बाळं 'बाबाबा' करतात त्याच वयात, हातांनी बडबडतात.

आता ऐकण्याबद्दल, आणि इथे मी थोडी आग्रही होणार आहे. जन्मतः लक्षणीय श्रवणदोष असलेली बाळं दर हजारात एक ते तीन असतात. अशी बाळं हसतात, 'आऊ, आगू'ही करतात, त्यामुळे पहिले सहा महिने कुणाला शंका येत नाही. फरक पडतो तो 'बाबाबा', 'दादादा', 'ममम' अशा साखळ्यांत. ऐकणारी बाळं दहाव्या महिन्यापर्यंत त्या करायला लागतात. नीट ऐकू न येणाऱ्यांच्या त्या उशिरा येतात किंवा येतच नाहीत. तुम्ही तुमच्या मुलाबद्दल फक्त 'अं अं' लिहिलंय. तो एकटा खेळताना, झोपायच्या आधी, अशा साखळ्या करतो का ते दोन-तीन दिवस कान देऊन ऐका. करत नसेल तर श्रवणचाचणी करून घ्या. मागे थाळी वाजवून, टाळी वाजवून घरी तपासू नका. थाळीचा दणका मोठा असतो, जमिनीची थरथर बाळाला जाणवते, हलणारी सावली दिसते आणि ते वळतं. दार आपटलं की दचकणाऱ्या मुलाला 'स' आणि 'श' अजिबात ऐकू येत नसतील, असंही असतं.

नवजात बाळाची ओएई नावाची चाचणी मिनिटांत होते, दुखत नाही, बाळ झोपलेलं असताना करतात. शंका असली तर पुढे बेरा करतात, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का हे बघणारी चाचणी. जन्मल्यावर ओएई 'पास' असली तरी नंतर ऐकणं कमी होऊ शकतं. काचेच्या पेटीत राहिलेलं, फार कमी वजनाचं, कावीळ खूप वाढलेलं बाळ असेल, मेंदूज्वर झाला असेल, किंवा घराण्यात कुणाला लहानपणापासून कमी ऐकू येत असेल, तर पुन्हा तपासायलाच हवं. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत श्रवणयंत्र किंवा इतर उपचार सुरू, असा जगभरचा संकेत आहे. सरकारी सोयही आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत लवकर उपचार करणारी केंद्रं आहेत, अंगणवाडीतून किंवा आरोग्य केंद्रातून तिथे पाठवतात. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही राष्ट्रीय संस्था केवळ वाचा आणि श्रवणासाठीच आहे.

वडील उशिरा बोलले, या सासूबाईंच्या सांगण्यात तथ्य आहे. उशिरा बोलणं घराण्यात असतं. पण अशी जी मुलं पुढे आपोआप भरून काढतात, त्यांना बहुधा आधीपासून सगळं समजत असतं आणि ती खुणांनी भरपूर सांगत असतात. 'पंखा कुठे?' म्हटल्यावर वर बघतात, नावानं हाक मारली की वळतात, हवं ते हातानं दाखवतात. हे सगळं असेल तर वाट बघायला हरकत नाही. वर्ष पूर्ण होऊनही बडबड नाही, बोट दाखवणं, टाटा, हात वर करून 'घे' म्हणणं यातलं काहीच नाही, नावाला ओ नाही, असं असेल तर 'बापावर गेलाय' म्हणून थांबू नका. सोळाव्या महिन्यापर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत 'मम्मम दे' असे दोन शब्द जोडता येत नाहीत, तर दाखवा. आणि कुठल्याही वयात, आधी करत असलेलं मूल एखादी गोष्ट करेनासं झालं, आधी टाटा करायचं ते बंद, आधी बघायचं ते बंद, तर त्याच आठवड्यात दाखवा.

तुम्ही आत्ता करायचं ते एवढंच. चुरमुरे किंवा त्याच्या आवडीचं काही पारदर्शक डब्यात घालून झाकण घट्ट लावा आणि डबा त्याच्या हातात द्या. मदत लगेच करू नका, त्याच्यासमोर जमिनीवर बसा आणि मनात सावकाश दहापर्यंत मोजा. तो डबा तुमच्याकडे आणतो का, डब्याकडून तुमच्या चेहऱ्याकडे बघतो का, तुम्ही थांबलात तर दुसरं काही करून बघतो का, हे घरातल्या कुणाला तरी मोबाइलवर टिपायला सांगा. झाकण उघडल्यावर चुरमुरे मात्र कुस्करून, मऊ करूनच द्या, या वयात ते घशात अडकू शकतात. बडबडीचं एक रेकॉर्डिंग करा. पुढच्या लसीला जाल तेव्हा ही दोन्ही तुमच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा, आणि जन्मानंतर ओएई झाली होती का हे डिस्चार्जच्या कागदांत शोधून ठेवा. झालेली नसेल तर लसीची वाट न बघता या आठवड्यातच तारीख घ्या.